जवळचं माणूस

मोठ्या हॉस्पिटलची लॉन्ड्री बहुधा तळघरात असते. का असते कोण जाणे. इथलीही तळघरातच होती. चार यंत्रं दिवसभर घरघरायची, वाफेनं भिंती ओल्या व्हायच्या, आणि त्या गोंगाटात दोन बायका टेबलापाशी उभ्या राहून चादरींच्या घड्या घालायच्या. आता म्हणाल, एवढी यंत्रं आहेत तर घडीला माणसं कशाला? तर यंत्रानं घातलेली घडी वॉर्डातल्या सिस्टरना पसंत पडत नाही, हे एक. आणि दुसरं म्हणजे चादर एवढी मोठी की एकटीनं घडी घालायला गेलं तर एक टोक जमिनीला लागतंच, आणि जमिनीला लागली की पुन्हा धुवायला. म्हणून दोन कोपरे एकीनं धरायचे, दोन दुसरीनं. ताणून झटकायची, मग एकमेकींकडे चालत यायचं आणि कोपऱ्याला कोपरा जुळवायचा. एकीनं सोडायचं, दुसरीनं घ्यायचं. दिवसाला चारशे चादरी.

"चारशे वेळा आपण नाकाला नाक लावतो गं," दोघींतली उंच बाई म्हणायची. "एवढी जवळ मी नवऱ्याच्याही कधी गेले नव्हते. म्हणूनच पळाला असेल मेला." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसत सुटायची.

ही उंच बाई म्हणजे शिडी. सगळं हॉस्पिटल तिला शिडीच म्हणायचं, अगदी डॉक्टरसुद्धा. दुसरी तिच्या खांद्याला कशीबशी लागायची, म्हणून ती बुटकी. ही नावं कुणी पाडली ते आता कुणालाच आठवत नव्हतं, आणि दोघींना त्याचं काही वाटतही नव्हतं. शिडी हात खाली करायची, बुटकी टाचा उचलायची, की चादर बरोबर मध्ये जुळायची. एकोणीस वर्षं जुळत होती.

दोघींना मागेपुढे कुणी नव्हतं. बुटकीचा नवरा सहा वर्षांपूर्वी वारला, मूलबाळ नाही. शिडीचा नवरा एक दिवस कामाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. जाताना आपली अंथरुणाला खिळलेली आई तेवढी मागे ठेवून गेला. शिडीनं त्या सासूचं अकरा वर्षं सगळं केलं. न्हाऊमाखू घातलं, भरवलं, हागणंमुतणं काढलं. लोक म्हणायचे, अगं तुझा काय संबंध आता, सोड की. शिडी म्हणायची, संबंध नाही कसा, सासू आहे माझी. म्हातारी गेली तेव्हा शिडीच्या केसांत काळा केस शोधावा लागत होता. बुटकीनं हे सगळं समोर चादर धरून ऐकलेलं, पाहिलेलं. शिडीबद्दल तिच्या मनात केवढा आदर होता, हे तिनं तिला कधी सांगितलं नाही. रोज समोर असलेल्या माणसाला असलं कोण सांगतं?

त्या वर्षी एक वाद सगळीकडे पेटला होता. बाईनं बाईशी, पुरुषानं पुरुषाशी लग्न केलं तर सरकारनं ते मानायचं की नाही? कँटीनच्या टीव्हीवर रोज दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या अंगावर धावून जायचे. शिडी म्हणायची, "बंद करा रे ते, चहा कडू लागतो." बुटकीचं मत काय? तर खरं सांगायचं म्हणजे तिला मतच नव्हतं. जगात हजार गोष्टी असतात, सगळ्यांवर मत कुठून आणणार माणूस?

मत आलं ते दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावरून.

बुटकी दिवसातून दोनदा धुतलेल्या चादरींची ट्रॉली आयसीयूत पोचवायची. तिथल्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक बाई बसलेली असायची. पन्नाशीची, उंच, करड्या रंगाचा स्वेटर, मांडीवर पिशवी. पहिल्या दिवशी बुटकीनं पाहिलं न पाहिलंसं केलं. चौथ्या दिवशीही ती तिथेच. सातव्या दिवशी बुटकीला राहवलं नाही.

"कोण आहे आत तुमचं?"

"बेड नंबर चार," बाई म्हणाली. आणि पिशवीतून चष्म्याचं घर काढून दाखवलं. "हा तिचा चष्मा. याच्याशिवाय तिला हातभरावरचंही दिसत नाही. शुद्धीवर आली तर तिला कळणारच नाही कुठे आहे ते. सिस्टरना म्हटलं निदान हा तरी आत न्या, तर म्हणाल्या वस्तू घरच्यांकडूनच घेतो."

"मग तुम्ही कोण? बहीण का?"

"नाही."

बुटकी ट्रॉलीचा दांडा धरून उभी राहिली. मग बाईच हळू आवाजात म्हणाली, "बावीस वर्षं झाली आम्हाला एका घरात. तिच्या भावानं सह्या केल्या आणि गेला आपल्या गावी. मी भाडेकरू आहे असं सांगून गेला."

आयसीयूचा नियम दारावरच लावलेला होता: नवरा, बायको, आईवडील, मुलं, भावंडं. बाकी कुणालाही प्रवेश नाही. बुटकीनं तो नियम हजारदा वाचला होता, म्हणजे त्याच्यावरून हजारदा नजर फिरली होती. त्या दिवशी मात्र ती ट्रॉली थांबवून तो शब्द न् शब्द वाचत राहिली. कारण सहा वर्षांपूर्वी याच दारातून तिला आत सोडलं होतं. एका शब्दानं कुणी विचारलं नव्हतं. बायको म्हटलं की दार उघडलं. आणि खोटं कशाला बोला, शेवटची सात वर्षं ती आणि तिचा नवरा एकमेकांशी धड बोलतही नव्हते. तो पलंगावर पडलेला, ही खुर्चीत बसलेली, आणि मनात एकच, की संध्याकाळची बस चुकायला नको. तिला आत सोडलं. आणि ही बाई सात दिवस पायरीवर.

हे सगळं तिनं दुसऱ्या दिवशी चादर ताणता ताणता शिडीला सांगितलं. शिडीनं कोपरे नीट जुळवले आणि म्हणाली, "वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण नियम बरोबर आहे."

"बरोबर कसला, डोंबल!"

"बुटके, ऐक. मी अकरा वर्षं त्या म्हातारीचं केलं. मला काय हौस होती? लग्न करून आले होते त्या घरात, दहा लोकांसमोर. बांधलेली होते, म्हणून केलं. नातं म्हणजे ते. मनाला आलं म्हणून राहिलो, उद्या मनाला आलं म्हणून निघालो, त्याला मी नातं नाही म्हणत. आणि बाई-बाईचं तर मला पटतच नाही. नाही पटत, काय करू?"

"ती बाई बावीस वर्षं राहिली गं. निघाली नाही. दहा लोकांसमोर बांधून न घेता राहिली, हे जास्तच नाही का?"

शिडीनं चादर झटकली. जरा जोरातच झटकली.

"आणि उद्या मी तिथे पडले तर?" बुटकी म्हणाली. "तुला तरी कोण आत सोडणार? तू माझी कोण? ना बहीण ना जाऊ."

"मग पायरीवर बसेन. पायरीवर बसल्यानं माणूस लहान होत नाही."

शिडी खोटं बोलत नव्हती. ती बसलीच असती, महिनाभर बसली असती, एक तक्रार न करता. म्हणून तर बुटकीला तिचा जास्त राग आला.

आता बुटकीनं पुढे जे केलं ते तिनं विचार करून केलं असं म्हणवत नाही. दहाव्या दिवशी दुपारी शिडी जेवायला गेली होती. बुटकीनं ट्रॉली भरली, खुंटीवरचा एक एप्रन उचलला, चादरींखाली घातला आणि वर गेली. जिन्याखालच्या कोपऱ्यात त्या बाईला म्हणाली, "हा चढवा. डोक्याला रुमाल बांधा. ट्रॉली ढकला आणि तोंडातून अवाक्षर काढू नका." नाड्या बुटकीनंच बांधल्या.

दारावरच्या वॉचमननं मान वर न करता एप्रनवरचे नंबर वहीत उतरवून घेतले. तशीच पद्धत होती. लॉन्ड्रीच्या माणसांना तिथे नावं नव्हती, नंबर होते. सव्वीस, सत्तावीस. जा.

आत बुटकीनं पाच नंबरच्या रिकाम्या पलंगाची चादर बदलायला घेतली, आणि जन्मात कधी लावला नसेल एवढा वेळ लावला. एक कोपरा खोचला, काढला, पुन्हा खोचला. पाठ वळवून उभी होती, पण ऐकू येत होतंच. ती बाई रडली बिडली नाही. "हा घे चष्मा," एवढंच म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. मग, "झाडांना पाणी घालतेय मी. काळजी करू नकोस." बुटकीनं चोरून पाहिलं तर चार नंबरच्या पेशंटनं डोळे उघडले होते, चष्म्यातून समोर बघत होती, आणि तिची बोटं त्या बाईच्या एप्रनची कड घट्ट धरून होती.

वीस मिनिटं मिळाली. निघायच्या आधी एका सिस्टरनं पाहिलं, की लॉन्ड्रीची बाई पेशंटच्या डोळ्यांवरचा चष्मा सरळ करतेय. तेव्हा ती काही बोलली नाही. संध्याकाळी बोलली, आणि जिथे बोलायचं तिथे बोलली.

आणि इथे बुटकीची चूक उघडी पडली. एप्रन तिनं खुंटीवरून उचलला तो शिडीचा. का? एक तर बाई उंच, बुटकीचा जादा एप्रन तिला गुडघ्यापर्यंतही आला नसता. पण खरं कारण ते नव्हे. एकोणीस वर्षं दोघी एकमेकींचा एप्रन, छत्री, कंगवा, चप्पल न विचारता उचलत आल्या होत्या. शिडीचं ते आपलं, यात विचार करण्यासारखं तिला काही वाटलंच नाही. सव्वीस नंबर बुटकीचा. सत्तावीस शिडीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझरनं शिडीला बोलावलं. बुटकी काचेच्या दाराबाहेर टॉवेलांचा ढीग घेऊन उभी होती. जीव टांगणीला लागला होता तिचा, पण मनात एक खात्रीही होती. शिडी सांभाळून घेईल. नवी बाई होती, शिकायला आली होती, नाव ठाऊक नाही, असं काहीतरी ठोकून देईल. एवढी वर्षं एकमेकींची उशिराची हजेरी काय थोड्या वेळा सांभाळली होती?

"काल दुपारी आयसीयूत तुम्ही होतात?"

"नाही. मी जेवत होते."

"एप्रन तुमचा होता."

"हो. माझा होता."

"कुणी नेला?"

शिडीनं काचेच्या दारातून बाहेर पाहिलं. मग तिनं बुटकीचं नाव घेतलं. टोपणनाव नाही, कागदावरचं नाव, आडनावासकट. एकोणीस वर्षांत बुटकीनं ते तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

बुटकीची नोकरी वाचली, पण तिला तीन महिने मळक्या कपड्यांच्या खोलीत टाकलं, जिथे रक्ताचे आणि कशाकशाचे गठ्ठे येऊन पडतात. जिन्यावरच्या बाईला मुख्य फाटकातून आत यायला बंदी झाली. चार दिवसांनी बेड नंबर चारची पेशंट गेली. बाईला ते फाटकावर वॉचमननं सांगितलं, तेही दुपारी, सकाळची गेली होती ती.

ते कळलं त्या दिवशी बुटकी हातमोजे काढून थेट घडीच्या टेबलापाशी गेली.

"एक शब्द खोटा बोलली असतीस तर तुझं काय जात होतं?"

शिडीनं हातातली उशीची खोळ खाली ठेवली. "तू मला आधी विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो, नाही म्हणाले असते. ते तुला माहीत होतं, म्हणूनच विचारलं नाहीस. मला जे पटत नाही ते तू माझ्या अंगावरच्या कपड्यात केलंस, बुटके. माझ्या नंबरानं. आणि वर मी खोटंही बोलायचं?"

"एक माणूस मरत होतं गं!"

"माहीत आहे मला." शिडीचे डोळे भरले होते. "मी तीन रात्री झोपले नाही. पण तरी मला पटत नाही. तू मला वाईट म्हण हवं तर."

बुटकीला म्हणायचं होतं. तोंडात आलं होतं. पण समोर उभी होती ती बाई वाईट नव्हती, हीच तर सगळी पंचाईत होती. वाईट असती तर एका दिवसात सोडून दिली असती. आणि एप्रनचं जे शिडी बोलली त्यात खोटं काहीच नव्हतं. तेवढ्याची माफी मागायला हवी होती. ती बुटकीनं मागितली नाही. चार नंबरची बाई गेल्यावर कुठल्या तोंडानं एप्रनची माफी मागायची, असं तिला वाटलं, आणि ती तशीच मागे फिरली.

त्या करड्या स्वेटरच्या बाईनं हॉस्पिटलच्या मंडळाला एक पत्र लिहिलं. पत्रात शिवीगाळ नव्हती, रडणं नव्हतं. दहा दिवसांत ती किती वाजता आली आणि किती वाजता उठली, एवढंच लिहिलं होतं म्हणे. त्यावरून नवा नियम करायचं ठरलं: पेशंट ज्याला आपलं जवळचं माणूस म्हणेल, बाई असो की बुवा, लग्न झालेलं असो नसो, त्याला नवराबायकोइतकाच हक्क. आत बसायचा, सही करायचा. कर्मचाऱ्यांचं मत हवं म्हणून कँटीनबाहेर दोन कागद लागले. नियम हवा, नियम नको. हव्याच्या कागदावर बुटकीची सही पहिली. नकोच्या कागदावर शिडीची पहिली. शिडी नुसती सही करून थांबली नाही, दुपारच्या सुट्टीत मजल्यामजल्यावर जाऊन तिनं लोकांना समजावलं. बुटकीही फिरली. दोघी एकदा लिफ्टमध्ये समोरासमोर आल्या, हातात आपापले कागद. पाच मजले दोघींनी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत काढले.

नियम झाला. बुटकी जिंकली म्हणायचं.

तीन महिने संपवून ती परत आली तेव्हा घडीच्या टेबलावर शिडीसमोर दुसरी बाई उभी होती. शिडीनं स्वतःच मागून घेतली होती. बुटकीला इस्त्रीच्या यंत्रावर दिलं. भांडण कसलंच झालं नाही, तेच वाईट. शिडी तिच्याशी अगदी व्यवस्थित वागायची. "तुमच्याकडचे टॉवेल झाले का?" "तुम्ही आधी घ्या पाणी." तुम्ही! पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा बुटकी बाथरूममध्ये जाऊन रडली. शिवी दिली असती तरी चाललं असतं. घरी आली की तिला शिडीला सांगण्यासारखं काही ना काही आठवायचं, शेजारणीचं, दुकानदाराचं, आणि ते सांगायला उद्या कुणी समोर नाही हेही लगेच आठवायचं. एकोणीस वर्षांची सवय, ती काय अशी जाते?

वर्ष गेलं. बुटकीच्या पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू, घाबरण्यासारखं नाही. ठरल्या दिवशी ती सकाळी आपल्याच हॉस्पिटलच्या नोंदणीच्या खिडकीशी पिशवी घेऊन उभी राहिली. खिडकीतल्या कारकूनबाईनं नाव, वय, पत्ता लिहून घेतला आणि विचारलं, "जवळचं माणूस?"

बुटकीनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"अहो, नवा नियम आहे. कुणाचंही नाव देता येतं आता," कारकूनबाई समजुतीनं म्हणाली. "नातेवाईकच हवा असं नाही. मैत्रीण चालते, कुणीही चालतं."

हे बुटकीला सांगत होती! बुटकीला हसू आलं आणि रडूही आलं. ज्या रकान्यासाठी तिनं पाच मजले पालथे घातले तो समोर मोकळा होता, आणि त्यात घालायला तिच्यापाशी जगात एकच नाव होतं. तिनं ते सांगितलं. कागदावरचं नाव, आडनावासकट.

"आपल्या लॉन्ड्रीतल्या? थांबा, त्यांचा होकार घ्यावा लागतो." कारकूनबाईनं फोन उचलून तळघराचा नंबर फिरवला.

बुटकी काउंटरची कड धरून उभी राहिली. फोनमधून यंत्रांची घरघर तेवढी ऐकू येत होती. कारकूनबाई बोलली, मग बराच वेळ नुसतीच ऐकत राहिली. मध्ये एकदा तिनं पेन उचललं, कागदाच्या कडेला काहीतरी लिहिलं, "हो, सांगते" म्हणाली आणि फोन ठेवला. तिच्या चेहऱ्यावरून बुटकीला कळलं.

"नाही म्हणाल्या का?"

"हो." कारकूनबाई बिचारी ओशाळली होती. "म्हणाल्या, मी त्यांची कुणी लागत नाही. या नियमाच्या विरुद्ध मी दारोदार फिरले, आता त्याच नियमानं आत येऊन बसणं मला शोभत नाही. रकान्यात माझं नाव घालू नका."

बुटकीनं मान हलवली. शिडीच ती. दुसरं काय म्हणणार होती?

"मोकळा ठेवा मग रकाना," ती म्हणाली.

"आणि आणखी एक म्हणाल्या." कारकूनबाईनं कागदाच्या कडेला लिहिलेलं वाचलं. "तिच्या डाव्या हाताची शीर सापडत नाही. पोरी तीन-तीनदा टोचतात आणि ती तोंडातून ब्र काढत नाही, गप्प बसून टोचून घेते. म्हणून आधीच सांगते, सुई उजव्या हाताला लावा."

बुटकी काउंटरवर कपाळ टेकवून रडली. मागे रांग होती, ती थांबली. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले, पिशवी उचलली आणि वॉर्डात गेली. तिथे एका तरुण सिस्टरनं तिला पलंगावर बसवलं आणि डावा हात पुढे करायला सांगितलं.

"उजव्या हाताला लावा," बुटकी म्हणाली.